नारिंगी टोपी उचलण्याबाबत

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
मंगळवार, सकाळचा चहा झाल्यावर

चिरंजीव म्हणावं तर तुम्ही जावई, आणि साहेब म्हणावं तर घरचेच, म्हणून मधला रस्ता काढून श्रीयुत जावईबापू बुद्धभूषणराव यांना कडूबा हिवराळे आणि तुमच्या सासूबाई मालनबाई यांचा मनापासून जयभीम. तुमची तब्येत, प्रियाची तब्येत आणि जिचं नाव अजून ठेवायचं आहे त्या आमच्या नातीची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. (नात रात्र रात्र जागते, असं तुमच्या मातोश्री फोनवर म्हणाल्या. ती प्रियाचीच लेक असल्याचा हा पुरावा समजावा.) माझा गुडघा होता तिथंच आहे. तुमच्या सासूबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, टाके निघाले, जेवण बराबर जातं. आवाज मात्र घोगरा झाला तो झालाच. डॉक्टर म्हणतात अजून सुधारेल, पण पहिल्यासारखा होईल का ते सांगता येत नाही. त्यामुळे त्या बोलायचं टाळतात आणि आमच्या घराचा कारभार सध्या खुणांवर चालला आहे. पळी दाखवली की जेवायला बसायचं, झाडू दाखवला की उठायचं. तुमच्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर आम्ही दोघं पूर्णपणे चित्रांवर आलो आहोत.

खातं म्हणजे तुमचं पुण्याचं ऑफिस. कॉम्प्युटरमध्ये कोणत्या फाइलवर कोणतं चित्र दिसावं हे ठरवण्याचं काम तुम्ही करता, असं तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत जेवताना सांगितलं होतं. तेव्हा मी मान हलवली होती, पण खरं सांगायचं तर एवढ्याशा कामाला पगार देतात यावर माझा विश्वास बसला नव्हता. आता बसला आहे. हे काम चुकलं तर काय होतं ते मी गेले सतरा दिवस पाहतो आहे.

हे सगळं फोनवर का सांगत नाही, असं प्रिया विचारील. तिला सांगावं की सन चौऱ्याण्णवला एका साहेबांनी मला फोनवर सांगितलं, मुकादम, पूल मोकळा करा. मी केला. दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांनी मला लेखी विचारलं, पूल कोणाच्या आदेशाने मोकळा केला? तेव्हापासून माझा शिरस्ता असा आहे की रस्ता बंद करायला मला कुणी लागत नाही, पण उघडायला कागद लागतो. आणि हा विषय रस्ता उघडण्याचाच आहे.

तुम्हाला माहीतच आहे की ऑपरेशनच्या आधी, आवाजाचं काय होईल सांगता येत नाही म्हणून, प्रियाने आईची नऊ गाणी फोनवर भरून घेतली आणि तिचा जुना लॅपटॉप इथंच ठेवून त्यात घातली. (तो फोन पुढे पुण्यात बादलीत पडला. म्हणजे आता ती गाणी फक्त टेंभुर्णीत आहेत.) सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून पोरीने पडद्यावर नऊ चित्रं लावून दिली. भीमगीताला निळा झेंडा, हळदीच्या गाण्याला हळकुंड, आणि पाळण्याला बाभळीला बांधलेली झोळी. ती झोळी प्रियाने स्वतः काढली होती. बाभळ जरा कोबीसारखी दिसते, पण झोळी ओळखू येते, आणि ऑपरेशनला जाईपर्यंत सासूबाई बोटाने अशी झटकन टिचकी मारायच्या की मी चष्मा पुसेपर्यंत गाणं सुरू झालेलं असायचं.

तो पाळणा साधा नाही. आमचं नवीन लग्न, मी जाफराबाद रस्त्यावर, त्याही त्याच रस्त्यावर रोजंदारीने खडी फोडायला, आणि प्रिया चार महिन्यांची, बाभळीच्या झोळीत. लोक पाळण्यात दिवस मोजतात, पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. ह्यांनी मैल मोजले.

पहिल्या मैलावर सावली बाभळीची,
दुसऱ्या मैलावर झोळी साडीची,
तिसऱ्या मैलावर डुलकी तान्हीची, जो बाळा जो जो रे जो.

असे बारा मैल आहेत. सातव्या मैलाला प्रिया झोपायची आणि बाराव्या मैलापर्यंत निम्मे मजूर झोपायचे, त्याबद्दल मला एकदा समजही मिळाली होती. हा पाळणा त्यांच्याशिवाय कुणालाच येत नाही, आणि त्यांचा तो आवाज त्या एका फाइलशिवाय जगात कुठेही नाही. येत्या पौर्णिमेला, रविवारी, तुमच्याकडे नातीचं नामकरण आहे. मी सासूबाईंना म्हणालो, तयारी करा, पुण्याला जायचं. त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं आणि मग पंजा हलवला. पाळणा न म्हणणारी आजी नामकरणाला शोभत नाही, असा त्याचा अर्थ. निदान आवाज तरी पाठवू, असं मी ठरवलं आणि लॅपटॉप उघडला.

मधल्या काळात काही प्रशासकीय कारणाने ती नऊ चित्रं पडद्यावरून हलवण्यात आली होती. (त्याबद्दल पुढे लिहीन, जागा उरली तर.) म्हणून मी मूळ कप्प्यात गेलो. तिथं काय पाहतो तर ओळीने सव्वीस फाइली (नऊ गाण्यांसोबत फोनमधलं बाकीचंही आलं असावं), आणि प्रत्येकीवर नारिंगी टोपी. पांढरे पट्टे असलेली, रस्त्यावर ठेवतात ती शंकूसारखी. खाली नावं म्हणावीत तर फोनने आपल्या मनाने घातलेले आकडे, तारीख आणि वेळ एकाला एक चिकटवून. म्हणजे वाचता येणारा मी आणि वाचता न येणाऱ्या सासूबाई एका क्षणात एकाच इयत्तेत आलो.

आता जावईबापू, तुम्ही शिकलेले आहात, पण नारिंगी टोपीचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नाही. एकतीस वर्षं नोकरी केली. आधी आमच्याकडे चुना लावलेले दगड असायचे, मग पिंपं आली, आणि शेवटी शेवटी टोप्या आल्या. उपविभागाला बारा मिळाल्या होत्या, त्यातल्या अकरा मी निवृत्त होताना मोजून परत दिल्या. (बारावीबद्दल कचरूला विचारावं. त्याची कोंबडी तिच्यात अंडी घालते.) टोपी म्हणजे काम चालू. टोपी ओलांडायची नाही, सरकवायची नाही, आणि जो टोपी ठेवील त्यानेच ती उचलायची. मी स्वतः एका वरातीची जीप टोपीपाशी दोन तास थांबवून ठेवली आहे, नवरदेवासकट. तेव्हा स्वतःच्या घरात सव्वीस टोप्या दिसल्यावर मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. मी हात मागे घेतला.

त्या दिवसापासून रस्ता बंद आहे. सकाळी आठ ते पाच मी लॅपटॉपशेजारी खुर्ची टाकून बसतो. जुनी वही काढून तिच्यात रोजची नोंद ठेवतो: आज एकही वाहन गेले नाही. दहा वाजता कचरू येतो. तो माझ्या हाताखाली एकवीस वर्षं होता आणि त्याला दोन वाक्यांत परिस्थिती समजली. 'टोपी हाय म्हंजी आत काम चालू हाय,' एवढं म्हणून तो घरी गेला आणि जुनं लाल निशाण घेऊन आला. ते आम्ही झाकणाला खोचलं आहे. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी असते, तेव्हा आम्ही दोघं पारावर जाऊन बसतो आणि तेवढा वेळ सासूबाई राखणीला असतात. त्या बसतात बिचाऱ्या. मी परत येतो तेव्हा लॅपटॉप अगदी स्वच्छ पुसलेला असतो आणि थोडा गरम लागतो, ऊन त्याच बाजूने येत असावं.

बारा दिवस काम पूर्ण होण्याची वाट पाहिली. आत कुणी काम करत असल्याचं लक्षण दिसेना, यात मात्र मला नवल वाटलं नाही. तेराव्या दिवशी, पौर्णिमा जवळ येऊन राहिली म्हणून, मी स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कल्याणला बोलावलं. त्याने पाहिलं आणि तो हसला. 'काका, बंद-बिंद काही न्हाई. ज्या प्रोग्रामनं गाणं वाजतं त्याचं चित्र हाय ते. दोनदा टिचकी मारा, मंग पाहा कसं वाजतं ते.' मी म्हणालो, तसा लेखी आदेश आहे का? नव्हता. मी विचारलं, मग या टोप्या ठेवल्या कोणी? त्याने काहीतरी दाबून पाहिलं आणि सांगितलं की हा प्रोग्राम दिवाळीच्या सुट्टीत टाकलेला आहे. तेव्हा मला आठवलं. तुम्हीच म्हणाला होतात, मामा, सगळी गाणी वाजतील असं एक टाकून देतो. म्हणजे टोप्या तुमच्या आहेत. हे पत्र तुम्हाला लिहिण्याचं कारण आता ध्यानात यावं.

जाता जाता कल्याणने मला आणखी एक गोष्ट समजावली आणि ती मात्र मला लगेच पटली. म्हणाला, फाइलीच्या नावापुढे टिंब असतं आणि टिंबापुढे तीन-चार अक्षरं. मी म्हणालो, म्हणजे आडनाव? तो म्हणाला, तसंच समजा. हे आडनाव बहुतेक वेळा लपवलेलं असतं, आपल्याला दिसत नाही, पण कॉम्प्युटरला माहीत असतं. त्यावरूनच तो ठरवतो, हिला कुणाकडे पाठवायचं आणि हिच्या कपाळावर कोणतं चित्र लावायचं. हे ऐकल्यावर मला आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर कळल्यासारखा वाटला. सत्त्याऐंशी साली मी रुजू झालो तेव्हा गोदामाच्या बाबूंनी नाव विचारलं. कडूबा, म्हणालो. ते म्हणाले, पुढं? पुढचं सांगितलं. त्यानंतर माझा चहा वेगळ्या कपात यायला लागला. टवका उडालेला होता आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूने खिळ्याला अडकवलेला असायचा. मी आतून कसा आहे हे उघडून पाहायची बाबूंना गरज पडली नाही, टिंबापुढची अक्षरं पुरली. (तो कप मी मुकादम झाल्यावर रस्त्याच्या भरावात घातला. जाफराबादकडून येताना आठव्या किलोमीटरला, डाव्या हाताला. तिथं रस्ता अजून खचलेला नाही.)

तेव्हा तुमच्या साहेबांपुढे माझ्या नावाने एवढं मांडावं, असं वाटतं. आडनावावरून चित्र ठरवायची पद्धत आम्ही वापरून पाहिली आहे, ती चांगली नाही. आणि गाणाऱ्याच्या जागी वाजवणाऱ्याचं चित्र लावायचं, हे तर कुणालाच पटणार नाही. एसटीच्या कपाळावर भोकरदन असं लिहितात, ड्रायव्हरचा फोटो लावत नाहीत. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी माणसाला जायचं असतं भोकरदनला. सव्वीस गाड्या उभ्या आहेत, सगळ्यांवर एकच ड्रायव्हर, आणि पाटी एकीलाही नाही, अशा स्टँडवर तुमच्या सासूबाईंनी पिशवी घेऊन कुठं उभं राहायचं? चित्र आत काय आहे त्यावरून ठरावं, आणि ज्याला उघडायचं आहे त्याला विचारून ठरावं. आता कुणी म्हणेल, नावाचं तरी काय खरं असतं? माझ्या आईची आधीची दोन लेकरं गेली, म्हणून मला कडूबा केलं, की कडू म्हणून मरण थुंकून टाकील. कचरूचंही तसंच. पण ते नाव मरणाला फसवायला होतं, मालनबाईला फसवायला नव्हतं. त्यांनी लग्नाआधी मला एकदा नीट पाहून घेतलं होतं.

तर विनंती अशी की सव्वीस टोप्या उचलण्याचा लेखी आदेश, सही आणि तारखेसह, परतीच्या टपालाने पाठवावा. सहीखाली हुद्दा लिहावा. आदेश आला की मी तासाभरात पाळणा शोधून कल्याणकरवी तुमच्याकडे पाठवतो, म्हणजे पौर्णिमेला नात आजीचा खरा आवाज ऐकेल. तो आवाज मी स्वतः दोन महिन्यांत ऐकलेला नाही. घरात आता भांडी वाजतात, कुकर वाजतो, पण गाणं नाही. कामाच्या पत्रात असं लिहू नये, पण लिहिलं आहे. आदेशाला उशीर करू नये.

नातीच्या दोन्ही गालांना आमच्याकडून हात लावावा. तुमच्या मातोश्रींना जयभीम सांगावा.

तुमचा,
कडूबा हिवराळे
मुकादम (निवृत्त, सध्या प्रभारी)

ता. क. जागा उरली आहे म्हणून प्रशासकीय कारणाबद्दल लिहितो. प्रियाने लावलेल्या नऊ चित्रांच्या खालच्या कोपऱ्यात प्रत्येकी एक छोटा वळलेला बाण होता. वळलेला बाण म्हणजे वळणरस्ता, म्हणजे वस्तू इथं नाही, तिकडून जा. वळणरस्त्याच्या पाट्या काम संपल्यावर कुणी काढत नाही आणि वर्षानुवर्षं लोक उगाच शेतातून जातात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. म्हणून एका रिकाम्या दुपारी नऊच्या नऊ पाट्या मी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. त्या अजून तिथं असाव्यात, कारण डबा भरलेला दिसतो आणि घंटागाडी आलेली नाही. हे प्रियाला सांगू नये. झोळीचं चित्र त्यातच आहे.

दुसरी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुमच्या सासूबाईंनी पत्र मोठ्याने वाचून दाखवा अशी खूण केली. वाचलं. कचरूच्या निशाणाला त्यांचे खांदे हलायला लागले, आणि राखणीच्या वाक्याला त्यांनी पदर तोंडाला लावला. मग दोन महिन्यांत बोलल्या नसतील एवढं एका दमात बोलल्या. 'मी रोज लावते की. तुमी दोघं पारावर गेले की लावते. पाळणा तिसऱ्या वळीत शेवटी हाय.' मी म्हणालो, चित्र नाही, अक्षर नाही, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी फळीवरच्या डब्यांकडे बोट दाखवलं. 'बिस्किटाच्या डब्यात तूरडाळ हाय, तुपाच्या डब्यात शेवया. डब्यावरचं चित्र पाहून सैपाक केला असता तं तुमाला तीस वर्षं बिस्किटाचं वरण वाढलं असतं.' मग हे सतरा दिवस सांगितलं का नाही, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्या म्हणाल्या, 'रिटायर झाल्यापसून पहिल्यांदाच येळेवर आंघोळ करून राह्यले तुमी. कशाला मोडू?' मी वही ओढली. तिच्यातल्या सतरा नोंदी खोडाव्या लागल्या, कारण वाहन रोज जात होतं.

तिसरी ता. क. आज दुपारी चार वाजता रस्ता वाहतुकीसाठी खुला केला. तुमच्या आदेशाची गरज राहिलेली नाही. तिसऱ्या ओळीतल्या शेवटच्या टोपीवर सासूबाईंनी टिचकी मारली आणि त्यांचा तो आवाज घरात आला. मला पहिल्या मैलालाच भरून आलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या मैलाला माझ्या मागून आणखी एक आवाज सुरू झाला, बारीक, घोगरा, मध्येच तुटणारा, पण एकही मैल न चुकणारा. दुपारी एक ते दोन त्या नुसत्या ऐकत नव्हत्या, त्या आवाजासोबत म्हणून पाहत होत्या. सहाव्या मैलाला त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि पुढचे सहा मैल एकट्याने म्हटले.

म्हणून आता विनंती बदलली आहे. फाइल येणार नाही, आम्ही दोघं येतो आहोत, शनिवारी संध्याकाळी स्टँडवर घ्यायला यावं. पाळण्याची दोरी जाड बांधावी. माइक लावू नये, आणि पाळणा चालू असेल तेवढा वेळ पंखा, मिक्सर आणि तुमच्या आत्या यांचा आवाज बंद ठेवावा, कारण बाराव्या मैलाला सासूबाईंचा स्वर फार खाली जातो. दाराशी मी उभा राहीन. कचरूचं निशाण सोबत आणतो आहे, आणि कोंबडी उठली तर टोपीही. मी त्यांना एकदा विचारलं, पहिला आवाज पण घेऊन जाऊ या का, चार लोक असतील. त्या पिशवी भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'तिनं कुठं ऐकलाय तो? तिला आजी म्हंजी हाच आवाज.'